दोन बोटं जास्त

माझी नणंद शर्यत संपल्यावर थांबत नाही. बाकीच्या मुली शेवटच्या रेषेवर छाती पुढे टाकतात, मग कुणी गुडघ्यांवर हात टेकते, कुणी सरळ आडवी होते. ही मात्र रेषा दिसलीच नाही अशी त्याच वेगात आणखी दहा-बारा ढांगा टाकते आणि मग उभी राहते. पहिल्यांदा जिल्ह्याच्या स्पर्धेला गेली तेव्हा चौदा वर्षांची होती आणि रेषेपलीकडे पंचांचं टेबल मांडलेलं होतं. टेबल, त्यावरचे निकालाचे कागद, चहाचे दोन कप आणि एक चांगले भरदार पंच, सगळे एकदम खाली आले. पंचांनी उठून विजार झटकली आणि विचारलं, बाळ, शर्यत कुठं संपते ते तुला शाळेत शिकवलं नाही का? शिकवलं होतं. खरं तर तिथंच घोडं पेंड खात होतं, पण ते कळायला आम्हा शहाण्यांना सोळा वर्षं लागली.

मी तिची भावजय. तिचं कौतुक करायला मी बसलेली नाही, त्या कामाला घरात तिचा भाऊ आहे आणि तो ते पगारी असल्यासारखं करतो. मी दवाखान्यात परिचारिका आहे. वीस वर्षं मनगटं धरून नाड्या मोजल्या आहेत आणि चुकीचा आकडा लिहिणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण या गोष्टीत सगळ्यात चुकीचे आकडे मीच लिहिले.

आमचं घर म्हणजे खाली शिवणाचं दुकान आणि वर तीन खोल्या. दुकानात दोन मशिनं, भिंतीला लागून कापायचं लांब टेबल, इस्त्रीचा कोपरा आणि गिऱ्हाइकांना कमरेपर्यंतच दाखवणारा एक आरसा. माझे सासरे त्या टेबलाशी पन्नास वर्षं उभे आहेत. गल्लीत त्यांना नाव नाही, नुसतं मास्तर म्हणतात. त्यांची धाकटी लेक लहानपणी दुकानभर इतकी गरगर फिरायची की त्यांनी तिचं नाव मशिनातल्या दोऱ्याच्या रिळावरून बॉबिन ठेवलं, आणि पुढं वर्तमानपत्रात खरं नाव छापून आलं तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांना ही कोण ते कळलं नाही.

मास्तरांचा धंद्यातला एकच नियम होता, आणि तो त्यांनी आम्हा सगळ्यांना ऐकवून ऐकवून पाठ करून टाकला होता. कापड कापताना मापापेक्षा दोन बोटं जास्त धरायचं. जास्त झालं तर आत दुमडता येतं, कमी पडलं तर जोड द्यावा लागतो, आणि जोड दिलेला कपडा अंगावर घालून माणूस ताठ चालत नाही. या नियमावर गल्लीतल्या पोस्टमनची एक विजार तीन वेळा सैल करून झाली होती. पोस्टमनचं पोट वाढत गेलं, पण विजार काही हरली नाही.

बॉबिन अकरा वर्षांची असताना तिच्या शाळेच्या खेळाच्या बाईंना धावायची गोल वाट हवी होती. पाणीपुरवठ्याच्या टाकीमागं सपाट जागा होती, पण मोजायचं कशानं? शाळेची लांब टेप हरवलेली. मास्तर म्हणाले, माझ्याकडे आहे की टेप. गळ्यातली दीड मीटरची कापडी टेप, खडूचा तुकडा आणि पोत्याचा चुना घेऊन हा माणूस एका सुट्टीच्या दिवशी सकाळपासून उकिडवा बसून सरकत गेला. टेप लावायची, खडूनं खूण करायची, पुढं सरकायचं. दोनशे सदुसष्ट वेळा. वाट आखून झाल्यावर सुरुवातीच्या जागी त्यांनी पांढरा रंगवलेला दगड पुरला आणि तिथं उभं राहून सांगितलं, चारशे मीटर. मास्तरांच्या मापावर शंका घ्यायची पद्धत आमच्या गल्लीत नव्हती.

त्या वाटेवर बॉबिन चार-पाच वर्षं धावली. घड्याळ बाईंच्या हातात असायचं आणि बाई दर वेळी सुस्कारा टाकायच्या. पोरगी दिसायला इतकी जलद, पण वेळ मात्र बेताचीच. बाहेरच्या स्पर्धेत गेली की सात-सात सेकंदांनी सुधारायची. बाईंनी त्यावर सिद्धांत काढला की हिला समोर कुणी दिसल्याशिवाय जोर चढत नाही. सगळ्यांना पटला. पंधराव्या वर्षी राज्याच्या क्रीडा वसतिगृहासाठी अर्ज भरायचा होता. त्यांनी सरावातल्या वेळा मागवल्या, बाईंनी वहीतल्या प्रामाणिकपणे उतरवून पाठवल्या, आणि अर्ज परत आला. बॉबिन आठवडाभर त्या वाटेकडे फिरकली नाही. दुसऱ्या वर्षी वसतिगृहाच्या एका प्रशिक्षकांनी तिला शर्यतीत प्रत्यक्ष पाहिलं आणि तिथूनच उचललं. एक वर्ष उशिरा का होईना, गाडी मार्गाला लागली, असं सगळे म्हणाले.

पुढचं तिचं सगळं शिक्षण लाल रबरी ट्रॅकवर झालं. आठशे मीटर ही तिची शर्यत. ही शर्यत फार चमत्कारिक आहे. शंभरच्या मुलींसारखं डोळे मिटून सुटता येत नाही आणि लांब पल्ल्याच्या मुलींसारखं विचार करायलाही सवड नसते. पहिली फेरी डोक्यानं धावायची आणि दुसरी जे काही शिल्लक असेल त्यानं, असं ती म्हणते. तिच्याकडे शिल्लक नेहमी इतरांपेक्षा थोडी जास्त असायची. शेवटच्या पन्नास मीटरला बाकीच्यांचे पाय जड व्हायचे आणि ही जशीच्या तशी. दहा वर्षं ती राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत धावली. दोनदा रुपेरी, तीनदा कांस्य. वीज खात्यानं नोकरी दिली, मीटरच्या विभागात टेबल दिलं, वर्षातले पाच महिने सरावाची मोकळीक दिली. दोन मिनिटं चार पूर्णांक सहा सेकंद ही तिची सगळ्यात चांगली वेळ. सोनं तेवढं राहिलं होतं. ती ते कधी बोलून दाखवायची नाही, पण पाचही पदकं वरच्या खोलीत एकाच खिळ्याला लटकवली होती आणि शेजारी एक खिळा मोकळा ठोकलेला होता. मी त्यावर एकदा पिशवी अडकवली तर तिनं ती काढून खाली ठेवली.

मग लग्न झालं, मुलगी झाली. नवरा वायरमन, त्याची बदली सहा तासांवर. तो सुट्टीला यायचा आणि आल्या आल्या लेकीला कडेवर घेऊन घरभर फिरायचा, पण रोजचं बघायला तो काही तिथं नव्हता. म्हणून ती मुलीला घेऊन आमच्याकडे राहायला आली, आणि बाळ आठ महिन्यांचं झाल्यावर एक दिवस तिनं कपाटातून बूट काढले. वय तीस. जवळपास कुठं ट्रॅक नाही. राहता राहिली टाकीमागची वाट. सोळाव्या वर्षी घर सोडल्यापासून तिनं त्या वाटेवर घड्याळ लावलं नव्हतं, सुट्टीत आली तर नुसतीच पाय मोकळे करून यायची.

घड्याळ माझ्या हातात आलं ते माझ्या धंद्यामुळं. तिचा भाऊ घड्याळ धरायचा, पण बहीण जवळ आली की हा टाळ्या वाजवायला लागायचा आणि बटण दाबायचं राहूनच जायचं. मी म्हटलं, इकडं द्या. दर रविवारी सकाळी सात वाजता मी पांढऱ्या दगडापाशी उभी राहायची, ती दोन फेऱ्या पूर्ण जोरात मारायची, आणि मी दवाखान्यातल्या तापाच्या तक्त्यावर वेळ लिहायची. दोन एकवीस. दोन सतरा. दोन पंधरा. आकडा उतरत होता आणि आम्हाला वाटत होतं की ताप उतरतोय.

त्यात खात्याचं पत्र आलं. राष्ट्रीय स्पर्धेसाठी आठशेला खात्याच्या दोन जागा होत्या. एक नव्या मुलीला, वीस वर्षांच्या, कानामागून येऊन तिखट झालेल्या. दुसरी बॉबिनला, तिची इच्छा असेल तर. नसेल तर सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवावं, म्हणजे जागा दुसऱ्या कुणाला देता येईल. खात्यानं अट घातलीच नव्हती. अट हिनं स्वतःला घातली. रविवारी एकटीनं धावून दोन दहाच्या आत यायचं. एकटीनं दोन दहा म्हणजे शर्यतीत दोन पाच-सहा, आणि दोन पाच-सहा म्हणजे पहिल्या तिघींत. त्याहून हळू असेल तर नुसतं नाव राखायला जाऊन एखाद्या पोरीची जागा अडवणं तिला मान्य नव्हतं. मी म्हटलं, दोन बारा आली तर? ती म्हणाली, तर नाही जायचं, वहिनी, यात तडजोड नाही.

त्या रविवारी हवा छान होती, वारा नव्हता. ती इतकी सुंदर धावली की मला खात्रीच झाली. बटण दाबलं आणि पाहिलं. दोन तेरा पूर्णांक दोन.

शर्यतीतल्या सवयीनं ती दगडापुढं जाऊन थांबेल असं कुणालाही वाटलं असतं, पण त्या वाटेवर ती दगडापाशीच थांबायची. हे मी दर रविवारी पाहत होते आणि मला एकदाही नवल वाटलं नाही, एवढी माझी हुशारी. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी आकडा सांगितला. तिनं विचारलं, नक्की? आणि मी, मला आजही लाज वाटते, मी म्हटलं, घड्याळाला कुणाची भीड नसते.

घरी येऊन तिनं अंघोळ केली, लेकीला भरवलं आणि वरच्या खोलीत बसून पत्र लिहिलं. चार ओळींचं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाताना मी ते खात्याच्या कार्यालयात द्यायचं ठरलं. मी ते पिशवीत थर्मामीटरच्या डबीखाली ठेवलं. जेवताना तिनं सगळ्यांना सांगून टाकलं, अगदी साध्या आवाजात, की धावणं झालं आता. भाऊ ताटावरून उठून गेला. मास्तरांनी विचारलं, किती कमी पडलं? ती म्हणाली, तीन सेकंद. त्यांनी पुन्हा विचारलं, कुठं धावलीस? टाकीमागंच ना? ती हो म्हणाली. मास्तरांनी हातातला घास तसाच ताटात ठेवला. लेकीचं दुःख बापाला, असं मी समजले.

दुपारी मी पाव आणायला निघाले. टाकीच्या कडेनं जवळची वाट आहे. उन्हात मैदानावर एक माणूस उकिडवा बसलेला दिसला. पांढरे केस, गळ्यात चष्म्याची दोरी. मास्तर. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस कापडी टेप मातीवर ताणून धरत होता, खडूनं खूण करत होता आणि गुडघ्यावर हात देऊन पुढं सरकत होता. दुसऱ्या वळणापर्यंत पोचले होते. मी धावत गेले आणि ओरडलेच त्यांच्यावर. ऊन किती आहे, तुमचं रक्तदाबाचं औषध घेतलंत का, हे काय चाललंय.

"मोजतोय," ते म्हणाले.

"काय मोजताय? मोजलंय ना तुम्ही एकदा?"

त्यांनी टेप गोळा करून गळ्यात घातली आणि तिथंच मातीत बसले. खडू बोटांत फिरवू लागले.

"सूनबाई, मी प्रत्येक टेपेला दोन बोटं जास्त सोडली होती. कमी पडायला नको म्हणून."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि मीही त्यांच्याशेजारी मातीत बसले. दोनशे सदुसष्ट टेपा. दर टेपेला दोन बोटं. हा माणूस मैदान कापायला बसला होता. आपल्या लेकीच्या वाटेला जोड द्यावा लागू नये म्हणून सढळ हातानं कापलं होतं. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले, मापाची चूक म्हणून नव्हतं माहीत. ते माझं माप होतं. वाट थोडी मोठी असली तर बिघडलं काय, असंच वाटायचं. आज ती तीन सेकंद म्हणाली तेव्हा पहिल्यांदा त्या दोन बोटांची बेरीज केली.

मी म्हटलं, मी सांगू का तिला? माझ्या तोंडून हलकं जाईल. त्यांनी मान हलवली. पन्नास वर्षांत त्यांनी एकही कपडा गिऱ्हाइकाकडे दुसऱ्याच्या हाती परत पाठवला नव्हता. चुकलेलं माप ते स्वतः घेऊन जायचे.

संध्याकाळी पाच वाजता त्यांनी तिला दुकानात बोलावलं. मी जिन्यात उभी राहिले, लपून नव्हे, चांगली दिसेन अशी. मास्तर कापायच्या टेबलामागं आणि ती गिऱ्हाइकाच्या जागी. त्यांनी सगळं सांगितलं, काही सारवासारव न करता. टेप किती, बोटं किती, खूण कुठं. ती ऐकत होती. मला वाटलं आता उडी मारेल, बापाच्या गळ्यात पडेल. तिचा चेहरा मात्र उतरत गेला.

"म्हणजे लहानपणीही?"

"हो."

"वसतिगृहाचा अर्ज परत आला तेव्हाही हेच?"

"हो."

"माझं एक वर्ष गेलं, बाबा."

"गेलं," मास्तर म्हणाले. "माझ्यामुळं गेलं."

त्यांनी डोळे वर करून तिच्याकडे पाहिलं आणि तसेच उभे राहिले. मला त्या क्षणी त्या माणसाबद्दल जो आदर वाटला तो त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि त्यांची सून म्हणून मी तेव्हा सतरा वर्षं त्या घरात होते. बॉबिन बाहेर गेली. गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली, पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला आत आली आणि टेबलावरची टेप उचलून तिचं एक टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "उद्या सकाळी लोखंडी टेपनं मोजू. मग बघू."

समोरच्या गवंड्याकडून तीस मीटरची पोलादी टेप आणली. सोमवारी सहा वाजता आम्ही तिघं टाकीमागं. टेपचं शून्याचं टोक आपणच धरणार, असं मास्तरांनी बजावलं, आणि गुडघे कुरकुरत असताना सबंध वाटभर ते धरलं. दर तीस मीटरला बॉबिन आकडा म्हणायची आणि मी लिहायची. लिहायला कागद नव्हता. पिशवीत हात घातला तर तिचं ते चार ओळींचं पत्र हाताला लागलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "पाठकोरं आहे ना? मग लिही."

चारशे अकरा मीटर भरलं. दोन फेऱ्या म्हणजे आठशे बावीस. एकशे तेहेतीस पूर्णांक दोनला आठशे बावीसनं भागलं, आठशेनं गुणलं, चुकलं असेल म्हणून पुन्हा केलं. उत्तर तेच आलं. दोन मिनिटं नऊ पूर्णांक सहा. दोन दहाच्या आत. दशांश चार सेकंद आत, पण आत. मी तो कागद तिच्यापुढं धरला. तिनं माझी आकडेमोड ओळ ओळ तपासली, कारण घड्याळाला भीड नसली तरी वहिनीला असू शकते असं तिला वाटलं असावं. मग कागद उलटा करून स्वतःच्या चार ओळी वाचल्या, त्याची घडी घातली आणि बुटात, टाचेखाली सरकवली.

मला वाटलं होतं की ती वाट आता ती तशीच ठेवील. मीच म्हटलं, ठेवू या की, याच्यावरच तर तुझा शेवटचा जोर तयार झालाय. ती म्हणाली, "माझा झाला, ठीक आहे. पण उद्या इथं दुसरी कुणी पोरगी धावेल आणि तिच्या बाई वहीत वेळ लिहून पाठवतील. कुणाचं वर्ष जायला नको, वहिनी." मग तिनं मास्तरांकडे पाहिलं आणि विचारलं, बाबा, आत घ्यायचं झालं तर कुठं घ्याल? मास्तरांनी चष्मा लावला. वळण थोडं आत घेऊन नवी रेघ कशी मारायची ते त्यांनी काठीनं मातीत काढून दाखवलं, अगदी सैल सदरा फिटिंगचा करावा तसं. त्या आठवड्यात वाट बरोबर चारशेची झाली. जुना दगड मात्र कुणी उपटला नाही, तो गवतात तसाच राहिला.

स्पर्धा पाच आठवड्यांनी होती. मास्तरांनी आयुष्यात दुकान बंद ठेवून लेकीची मोठी शर्यत पाहिली नव्हती. गिऱ्हाईक खोळंबतं, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. या वेळी त्यांनी फळ्या लावल्या आणि बसमध्ये माझ्याशेजारी सहा तास ताठ बसून राहिले. मैदानावर पोचल्यावर त्यांना दिसलं की मुलींच्या बनियनवर नंबराचं कापड टाचण्यांनी लावतात. टाचणीनं कापडाला भोकं पडतात, असं म्हणून त्यांनी खिशातून सुई-दोरा काढला आणि तिचा नंबर चार बाजूंनी शिवून दिला. शेजारची ती वीस वर्षांची मुलगीही आपला नंबर घेऊन पुढं आली. तिचाही शिवला, तितकाच नीट.

अंतिम शर्यत दुपारी साडेचारला. आठ जणी. बंदूक वाजली आणि नवी मुलगी पहिल्या वळणानंतर सरळ पुढं निघून गेली. पहिली फेरी एकसष्ट सेकंदांत, आणि घंटा वाजली तेव्हा आमची बॉबिन पाचवी. माझी स्वतःची नाडी मी मोजली असती तर मलाच दाखल करून घ्यावं लागलं असतं. मास्तर हात मांडीवर ठेवून बसले होते. दोनशे राहिले तेव्हा ती चौथी होती. शेवटच्या वळणातून बाहेर आली तेव्हा तिसरी. सरळ मार्गावर पुढच्या दोघींचे खांदे वर चढायला लागले, मान मागं गेली, पाय आखडले. बॉबिनचं काही बदललं नाही. तिनं वेग वाढवला असं पाहणाऱ्यांना वाटलं, पण मी सांगते, तिनं काही वाढवलं नाही. बाकीच्या आठशेला संपत होत्या, आणि तिचे पाय आठशे बावीसचे कापलेले होते.

रेषेच्या आधी एका ढांगेवर ती नव्या मुलीच्या पुढं गेली. सगळं मैदान उभं राहिलं. मी उभी राहिले, माझा नवरा तर बाकावर चढला. फलकावर आकडा आला, दोन पाच पूर्णांक एक, आणि त्यापुढं तिचा नंबर, पहिला. मी वळून मास्तरांकडे पाहिलं. ते एकटे बसलेलेच होते. फलकाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मला वाटलं त्यांना कळलं नाही. मी त्यांचा दंड धरून म्हटलं, "बाबा, उठा, जिंकली ती."

"थांब," ते म्हणाले. "अजून बावीस मीटर आहेत."

खाली बाकीच्या मुली पडत होत्या, एकमेकींना धरत होत्या. ती एकटीच रेषेपलीकडे तशीच धावत होती, त्याच ढांगेनं, फोटोवाल्यांना चुकवत. दहा ढांगा, अकरा, बारा. मग ती थांबली, वाकून बूट काढला, टाचेखालची घडी बाहेर घेतली आणि मान वर करून आमच्या बाजूला कुणाला तरी शोधू लागली. तेव्हा मास्तर उठले.